घरातच आयुष्य गेलेल्या आजीचं चरित्र कसं लिहावं?

सांजसावली
माझी आजी काही महिन्यांपूर्वी गेली. नव्वदीला टेकली होती. आमच्या घराण्याची माहिती एकत्र करून छोटं पुस्तक छापायचं ठरलंय, फक्त घरातल्यांसाठी. आजोबांवरचा मजकूर काकाने लिहिला, तो सात-आठ पानं झाला. शिक्षण, नोकरी, बदल्या, बढत्या, निवृत्ती, सगळं सालवार.

आजीवर लिहायचं काम माझ्याकडे आलं. घरात प्रत्येकाला विचारलं. उत्तरं अशी: प्रेमळ होती, कष्टाळू होती, सोशिक होती, कुणाला कधी दुखावलं नाही. सगळं खरं आहे. पण लिहून काढलं तर एक परिच्छेद होतो, आणि त्यातलं नाव खोडून दुसऱ्या कुणाच्याही आजीचं घातलं तरी तो तसाच्या तसा चालेल. मला ते नकोय. तिची सही फार कमी कागदांवर आहे, तिच्या नावाचा पगार कधी आला नाही, तिची बदली झाली नाही. मग सालवार काय लिहायचं? तुमच्यापैकी कुणी असं काही लिहिलंय का? सुरुवात कुठून केली?

पाऊलवाट
विशेषणं सगळी काढून टाक आणि फक्त क्रियापदं ठेव. "कष्टाळू होती" याऐवजी सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं करायची, दुसरं कोणतं, कुठलं काम तिला मनापासून आवडायचं आणि कुठलं नकोसं व्हायचं पण तरी करायची. माझ्या आईला कपड्यांच्या घड्या घालायला अतिशय आवडायचं आणि इस्त्री मुळीच आवडायची नाही. एवढ्या दोन वाक्यांनी ती मला दिसते. "कष्टाळू"ने दिसत नाही.

रानझरा
पाऊलवाट +१.

आणि घरातल्यांना "आजीबद्दल सांगा" असं विचारू नकोस. तसं विचारलं की लोक भाषण करतात. "आजीला राग आला की ती काय करायची?" हे विचार. "पैसे कुठे ठेवायची?", "घरी कुणी आजारी पडलं की रात्री कोण जागायचं?", "तिचं कुणाशी पटायचं नाही?" अशा प्रश्नांना प्रेमळ-बिमळ उत्तर देताच येत नाही, घडलेलं सांगावं लागतं.

निळाई
लग्नाआधीची आजी विसरू नकोस. बहुतेक घरांत बाईची गोष्ट लग्नापासून सुरू होते, जणू त्याआधी ती नव्हतीच. मानसशास्त्रात एक पक्की आढळलेली गोष्ट आहे: म्हाताऱ्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी बाकी काळापेक्षा जास्त निघतात, आणि ठसठशीत निघतात. म्हणजे तिच्या वयाची, तिच्यासोबत वाढलेली जी माणसं आज आहेत, त्यांच्याकडे नेमका तोच काळ शाबूत आहे जो तुमच्या घरात कुणालाच माहीत नाही. बहीण आहे का? शाळेतली मैत्रीण? चुलत-मावस कुणीही चालेल.

सांजसावली
निळाई, धाकटी बहीण आहे, आमची मावशीआजी. ऐकायला कमी येतं पण डोकं लख्ख आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं, कारण सगळे आजीला "आजी" म्हणूनच ओळखणारे. रानझरा, राग आल्यावर ती कपाट आवरायला घ्यायची. हे लिहिताना हसू आलं.

उंबरठा
थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. काही बायका घरात राहिल्या कारण त्यांना ते जीवन आवडत होतं. माझी आजी अशी होती. हल्ली अशा बाईबद्दल लिहायचं म्हटलं की लगेच तिची घुसमट, तिची अपुरी स्वप्नं, तिचा त्याग हे शोधायला लागतात. ते तिच्यावर अन्याय करणारं आहे. तिचं आजोबांवर प्रेम होतं, घरावर प्रेम होतं, आम्हा नातवंडांत ती रमायची. तिला हे सगळं करायचंच होतं, हेही लिहिण्यासारखंच आहे.

अबोली_फुलं
उंबरठा, तिला करायचं होतं हे तुम्हाला कसं कळलं? तिला कधी कुणी दुसरं काही देऊ केलं होतं का? हे भांडण म्हणून विचारत नाही. माझी आजीही आनंदी होती. पण ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाचा भरलेला, न पाठवलेला अर्ज सापडला. तिने आम्हाला तो कधी दाखवला नाही. तो दुःखाने ठेवला की सहज राहिला हे मला माहीत नाही आणि मी ठरवणारही नाही. पण तिच्यावर लिहीन तेव्हा तो अर्ज त्यात असेल.

उंबरठा
अबोली, अर्ज असायलाच हवा, हे मान्य. माझं म्हणणं एवढंच की अर्जाच्या एका कागदावरून उरलेली साठ वर्षं दुःखी ठरवू नयेत.

अबोली_फुलं
त्यावर आपलं एकमत आहे. :)

ताळेबंद
मी आकडेवारीत काम करतो, म्हणून एक वेगळी बाजू. सांजसावलीच्या आजोबांची पानं सहज भरली याचं कारण त्यांच्या कामाची नोंद करणारी यंत्रणा होती: सेवापुस्तक, पगारपत्रक, बदलीचे आदेश. आजीच्या कामाची नोंद न करण्याची पद्धत जगभर आहे, आणि ती लेखी नियमांतच आहे. देशाचं उत्पन्न कसं मोजायचं याची संयुक्त राष्ट्रांची पद्धत १९५३ साली ठरली. घरातल्या माणसाने घरच्यांसाठी केलेली स्वच्छता, स्वयंपाक, मुलांचं आणि आजाऱ्यांचं करणं हे तेव्हापासून त्या मोजणीच्या बाहेर आहे. तेच काम पगारी माणसाने केलं तर आत येतं. आणखी गंमत म्हणजे स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्याने जणू स्वतःलाच भाडं दिलं असं धरून ती रक्कम उत्पन्नात मिळवली जाते. म्हणजे घर मोजलं जातं, घर चालवणारी मोजली जात नाही. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वॉरिंग यांनी १९८८ मध्ये यावर सविस्तर टीका केली, त्यानंतर या विषयाला जोर आला. २०१३ साली कामगार संख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने बिनपगारी घरकामाला निदान "काम" या व्याख्येत घेतलं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१८ चा अहवाल ६४ देशांच्या माहितीवर आधारलेला आहे. त्यानुसार अशा बिनपगारी कामात रोज १६४० कोटी तास जातात. आठ तासांची पाळी धरली तर जवळपास २०० कोटी माणसांचं पूर्णवेळ काम. त्यातले ७६.२ टक्के तास बायकांचे.

तर सालवार लिहिता येत नसेल तर तासवार लिही. तिचा साधा एक दिवस, उठल्यापासून निजेपर्यंत. काळाप्रमाणे तीन दिवस लिहिलेस तर आणखी छान: लग्नानंतरचा एक, मुलं लहान असतानाचा एक, नातवंडं आल्यावरचा एक.

रानझरा
ताळेबंद, तीन दिवसांची कल्पना फारच आवडली.

यावरून आइसलँड आठवलं. २४ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या जवळजवळ नव्वद टक्के बायकांनी एक दिवस नोकरी आणि घरकाम दोन्ही बंद ठेवलं. बापांना मुलं घेऊन कामावर जावं लागलं. पाचच वर्षांनी, १९८० मध्ये, विग्डिस फिनबोगाडोटिर तिथल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. नोंद होत नव्हती ते काम एका दिवसात सगळ्यांना दिसलं.

चांदणवेल
आकडे ठीक आहेत, पण माझी आई त्या १६४० कोटींत मला सापडत नाही. ती रात्री दिवे मालवायच्या आधी सगळ्यांच्या खोलीच्या दारात क्षणभर उभी राहायची. ते कुठल्या रकान्यात?

ताळेबंद
कुठल्याच नाही. म्हणूनच हा धागा हवा.

मुशाफिर_जुना
माझं वय पंच्याहत्तर. इथे सहसा वाचतोच, लिहीत नाही. आज लिहितो.

माझी पत्नी जाऊन दोन वर्षं होतील. पन्नासहून अधिक वर्षांचा संसार. लोक भेटायला आले तेव्हा सगळे म्हणाले, "वहिनींनी सगळं तुमच्यासाठी केलं." बरोबर आहे. पण ते "सगळं" म्हणजे काय हे मला टप्प्याटप्प्याने कळत गेलं. बँकेचे कागद माझ्याकडे होते, ते मला माहीत होते. माहीत नव्हतं ते असं: कुणाचा वाढदिवस कधी, कुणाला कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, माझ्या दोन भावांमधलं बोलणं बंद पडलं तेव्हा ते कुणी पुन्हा सुरू करून दिलं. तिनेच दिलं होतं, तेही दोघांना न कळता. धाकट्याने मला तिच्या पश्चात सांगितलं.

तिच्या चष्म्याच्या जुन्या घरात मला घडी घातलेले पातळ कागद सापडले. उलगडले तर लहान लहान पावलांच्या बाह्यरेषा, पेन्सिलीने काढलेल्या. पाचही नातवंडांच्या. नातवंडं सुट्टीला आली की ती त्यांना कागदावर उभं करून पाऊल गिरवून घ्यायची, म्हणजे पुढे बूट घेताना माप चुकू नये. प्रत्येक पावलात नाव आणि महिना लिहिलेला. अंगठ्याजवळ अर्ध्या बोटाएवढी जागा सोडून तुटक रेघ. वाढत्या पायाची ती जागा. थोरल्या नातवाचं शेवटचं पाऊल माझ्या पावलाएवढं आहे. तो कागद पुरला नाही म्हणून तिने दुसरा जोडून चिकटवला होता.

सांजसावलीताई, तुमच्या आजीची कपाटं, डबे, पाकिटं रिकामी करायची घाई करू नका. आणि करताना एकट्याने करू नका, कुणीतरी शेजारी बसून कुठे काय मिळालं ते लिहून घ्या. वस्तू कुठे ठेवलेली होती यालाही अर्थ असतो. ते कागद कपाटात असते तर मी त्यांना रद्दी समजलो असतो. ते रोज हातात यायच्या जागी होते.

चांदणवेल
काका, काय लिहू. त्या तुटक रेघेपाशीच थांबले आहे.

निळाई
मुशाफिर काका, त्या कागदांचे फोटो काढून ठेवा, चांगल्या उजेडात. पेन्सिल टिकाऊ असते, शाईसारखी उडत नाही, पण घडीवर घासून पुसट होते. कागद पसरून, सपाट ठेवा. प्लॅस्टिकच्या थरात कायमचे चिकटवून घेऊ नका, ते पुन्हा सोडवता येत नाहीत.

मुशाफिर_जुना
आभारी आहे. नातीला सांगतो, तिचा हात यात चांगला आहे.

अक्षरवेल्हाळ
धागा वाचताना दोन उदाहरणं मनात आली.

पहिलं आपल्या सगळ्यांच्या माहितीतलं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात आणि शेतात राबताना त्या गाणी रचत होत्या आणि ती त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ टिपून ठेवत होते. त्या १९५१ मध्ये गेल्या. सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ मध्ये संग्रह निघाला. मला त्यातला टिपून ठेवणारा मुलगा फार महत्त्वाचा वाटतो. शेजारी बसून कुणीतरी लिहून घेतलं म्हणून ते आपल्यापर्यंत आलं.

दुसरं अमेरिकेतलं. मेन राज्यात राहणाऱ्या मार्था बॅलर्ड या बाईने १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षं रोजनिशी लिहिली. आज हवा कशी, कोण आलं, किती सूत कातलं, कुणाकडे बाळंतपणाला गेले. बहुतेक नोंदी दोन-चार ओळींच्या. घराण्यातल्या पुढच्या पिढीतल्या एका डॉक्टर स्त्रीने ती जपून १९३० मध्ये ग्रंथालयाला दिली. आधीच्या अभ्यासकांना तीत किरकोळ घरगुती तपशीलच दिसले होते. लॉरेल थॅचर उलरिक या इतिहासकार बाईंनी त्याच किरकोळ नोंदी एकमेकींना जोडून त्या गावाचा अख्खा व्यवहार उभा केला: बायका आपसांत कामाची देवाणघेवाण कशी करत, कुणाचं देणं कुणाकडे होतं. त्यावरच्या त्यांच्या पुस्तकाला १९९१ चं इतिहासाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

तेव्हा आजीची हिशोबाची वही असेल तर ती आधी ताब्यात घ्या.

उंबरठा
अक्षरवेल्हाळ, उदाहरणं उत्तम, पण एक हरकत. बहिणाबाई कवयित्री होत्या, मार्था बॅलर्ड सुईण होत्या, आठशेच्या वर बाळंतपणं केली त्यांनी. म्हणजे पुन्हा घराबाहेर मोजता येईल असं काहीतरी होतं म्हणूनच त्यांची आठवण उरली. जिच्याकडे गाणं नाही, हुन्नर नाही, वही नाही, अशा बाईचं काय?

अक्षरवेल्हाळ
हरकत रास्त आहे. उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे: मुशाफिर काकांचा प्रतिसाद पुन्हा वाचा.

गारवा
अवांतर: आज्यांबद्दल शास्त्रज्ञांचं म्हणणं माहितीये का? बहुतेक प्राण्यांत मादी जवळजवळ शेवटपर्यंत पिलं देते, माणसात मात्र बाई मुलं होणं थांबल्यावरही कितीतरी वर्षं जगते. क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांत राहून पाहिलं, तर वयस्क बायका दिवसभर कंद खणून नातवंडांच्या पोटाची सोय करत होत्या. त्यांनी मांडलं की आज्यांच्या या मदतीमुळेच माणसाचं आयुष्य लांबलं असावं. मग २००४ मध्ये फिनलंड आणि कॅनडातल्या जुन्या नोंदींवरून एक अभ्यास आला: पन्नाशीनंतर आजी जगली त्या दर दहा वर्षांमागे तिला सरासरी दोन नातवंडं जास्त मिळाली.

आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, "दहा वर्षं दे मग अजून, पण आधी आहेत त्यांना आंघोळीला पाठव."

रानझरा
गारवा, हे तुमच्या आजीचं चरित्र झालंच की एका ओळीत!

काजळमाया
मला एक अवघड गोष्ट विचारायची आहे. माझी आजी आम्हा नातवंडांना जीव लावायची, आजोबांच्या आजारपणात तिने त्यांचं सगळं केलं, रात्र-रात्र जागली. आणि त्याच आजीने माझ्या आईला सून म्हणून पहिली दहा-बारा वर्षं फार त्रास दिला. घरच्या पुस्तकात हे लिहायचं का? न लिहिलं तर आईला वाटेल आपण नव्हतोच. लिहिलं तर काका-आत्या बोलायचं बंद करतील.

पाऊलवाट
आईलाच विचार, काजळमाया. लिहायचं की नाही हा हक्क तिचा. आणि ती "लिहू नको" म्हणाली तर निदान उलटं तरी लिहू नकोस. "सुनांना लेकींसारखं वागवलं" हे वाक्य तरी त्यात नको.

अबोली_फुलं
पाऊलवाटला पूर्ण अनुमोदन. त्या एका वाक्याने कितीतरी आयांचा गळा आवळलाय.

उंबरठा
मी इथे अबोलीच्या बाजूने. घर प्रेमाने चालवणारी बाई त्याच घरात सत्ताही चालवते. दोन्ही खरं असतं. नुसती देवी करून ठेवली की माणूस म्हणून ती हातची जाते.

काजळमाया
आईशी बोलले. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "शेवटच्या वर्षी त्यांनी माझा हात धरून माफी मागितली होती, ते लिही. का मागितली ते ज्यांना कळायचं त्यांना कळेल." तसंच लिहिणार आहे.

निळाई
तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

सांजसावली
सगळ्यांचे खूप आभार. मधले काही दिवस मावशीआजीकडे जाऊन आले, म्हणून उत्तर द्यायला उशीर.

रानझराचे प्रश्न घेऊन गेले होते. पहिल्या अर्ध्या तासातच कळलं की आजी लहानपणी झाडावर चढून बसायची आणि कुणाच्या हाकेला ओ द्यायची नाही. आम्ही तिला जिन्याच्या पायऱ्यासुद्धा जपून चढताना पाहिलेलं! गणितात ती वर्गात पहिली असायची. आजोबांचा पगार महिनाअखेरपर्यंत कसा पुरायचा हे कोडं बाबांनी आयुष्यभर "आजीचा हात बरकतीचा" म्हणून सोडून दिलं होतं. मावशीआजी म्हणाली, बरकत कसली, ती आधी तीन महिन्यांचा खर्च मांडून मग पहिला पैसा सोडायची.

आणि मुख्य गोष्ट. काकाने लिहिलेल्या आजोबांच्या पानांत एक वाक्य आहे: "याच सुमारास त्यांनी बढतीवरची बदली नाकारली." बस, पुढे काही नाही. मावशीआजीच्या सांगण्यानुसार ती बदली आजीने नाकारायला लावली. आत्याचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं, आणि दोन वर्षांत दोन शाळा बदललेली आत्या तेव्हा कुणाशी बोलेनाशी झाली होती. आजोबा जायला तयार होते. आजीने सांगितलं, तुम्ही जा, मी मुलीला घेऊन इथेच राहते, खोली मी बघून ठेवलीये आणि भाड्याचा हिशोबही केलाय. आजोबांनी तो हिशोब पाहिला आणि नकार लिहून दिला. आत्या आज मुलांची डॉक्टर आहे. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी फोनवर सांगितलं तर ती नंतर बोलते म्हणाली, आणि दोन तासांनी तिचाच फोन आला, मग आम्ही खूप वेळ बोललो.

म्हणजे आजोबांच्या सालवार पानांतही आजी आहे, फक्त कर्ता म्हणून त्यांचं नाव आहे. प्रत्येक बदलीच्या सालापुढे आता मी विचारत चाललेय: सामान कुणी बांधलं, शाळाप्रवेश कुणी घेतले, नव्या जागी पहिली ओळख कुणी काढली. काकालाही पटलंय. तो स्वतःच म्हणाला, दोघांवरची पानं वेगळी नकोत, एकत्र करून पुन्हा लिहू.

ताळेबंद
वा! पुढच्या वर्षांत त्या नकाराचा आजोबांच्या पगारावर काय परिणाम झाला तेही सेवापुस्तकात बघा. आजीने तोही मांडलेला असणार याची मला खात्री आहे.

मुशाफिर_जुना
हिशोब मांडून नवऱ्यापुढे ठेवणारी आणि तो पाहून नकार लिहून देणारा, दोघांनाही नमस्कार.

सांजसावली
ताळेबंद, बघते. एक शेवटची मदत हवी आहे. मावशीआजीकडे पुन्हा जाणार आहे, यावेळी आवाज ध्वनिमुद्रित करायचा आहे. ऐकायला कमी येतं, लवकर दमते. काय काळजी घेऊ?

गारवा
मोबाइल पुरेसा आहे. पंखा बंद करा, दूरदर्शन बंद, फोन मऊ कापडावर तिच्या जवळ ठेवा. आधी मिनिटभर करून ऐकून बघा. घरी आल्यावर त्याच दिवशी तीन प्रती: एक फोनमध्ये, एक संगणकात, एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.

निळाई
प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून न्या, एका कागदावर एकच, म्हणजे ओरडावं लागणार नाही. जुने फोटो न्या, पण एका बैठकीत चार-पाचच दाखवा. फोटोतल्या माणसांची नावं ती सांगेल तशी मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, न दाबता, कडेला लिहा. पाऊण तासाने थांबा, तिला बोलायचं असलं तरी. आणि ध्वनिमुद्रण सुरू आहे हे तिला आधी सांगा.

रानझरा
आणि झाडावर बसून ती काय करायची, ते विचारायचं राहू देऊ नकोस.